माझा ताप

नाना वैद्य नाडी मागाहून धरत, आधी माणसाचं बोलणं ऐकत. कल्याणहून आगगाडीने ठाण्याला येत, कोपरीत आमच्या ओटीवर टेकत आणि डोळे मिटून म्हणत, "हं, सांगा." रोगी सांगू लागला की त्यांचं लक्ष कण्हण्याकडे नसे, विभक्तीकडे असे.

"'मला ताप येतो' म्हणतोय तोवर तो पाहुणा," ते म्हणत. "पाहुण्याला रोज कडू काढा पाजा, आपण होऊन वाट धरतो. 'माझा ताप' म्हणालात की तो घरचा झाला. त्याला म्हणायचं जुनाट. नुसती वर्षं लोटून कुणी जुनाट होत नाही."

"वैद्य आहे की पंतोजी?" सासूबाई आत येऊन कुजबुजत.

मी तेव्हा नवी सून. आमच्या मागे खाडी आणि मिठागरं. तिथलाच हिवताप मला लागला. एक दिवसाआड उन्हं परसातल्या भिंतीवर चढली की हुडहुडी भरायची. काढे पिऊन तोंड कडू झालं, ताप हलेना. एके दिवशी सासूबाई हळूच म्हणाल्या, "हिच्या आईला बोलावून घ्या." मी काय समजायचं ते समजले.

त्या दुपारी नाना ओटीवर होते, मी दाराआड अंथरुणावर. मी म्हटलं, "राहू द्या आता औषध. माझा ताप माझ्याबरोबरच जाईल."

नाना उठून दारात आले. "तिचा नाही," ते दरडावून म्हणाले. "माझा आहे तो." ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या उशाशी कुणी बसलं असावं, तसे तिकडे बघत होते.

उन्हं भिंतीवर चढली. मी गोधडी घट्ट धरून वाट पाहिली, पण काही झालं नाही. दात ओटीवर वाजत होते.

पुढे नाना वर्षानुवर्षं येत राहिले, तापाचा दिवस सोडून. काढा घ्या म्हटलं की हसत. "जुनाट आहे हो. घरच्याला कुणी काढा पाजतं का?" त्यांची आठवण झाली की मला आधी रडू येतं, मग भीती वाटते.

नाना गेल्याचा निरोप कल्याणहून आला, त्या दुपारी मी परसात तांदूळ निवडत होते. उन्हं भिंतीवर चढली आणि माझ्या हातातलं सूप थरथरू लागलं.

"काय होतंय, सासूबाई?" माझ्या सुनेने विचारलं.

मी जीभ चावली, मग नीट शब्द जुळवून म्हणाले, "पाहुणा आलाय. काढा ठेव."