कमलबाईंचा अधांतरी सौदा

आदिलाबादच्या भाजीबाजारात कमलबाई शिरल्या की वांगीवाली आपला भाव आधीच वाढवून ठेवी. तो खाली येणार हे ठरलेले असे. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई तेलुगूत भाव विचारीत, हिंदीत मालाला नावे ठेवीत आणि मराठीत पिशवी भरून घेत. "घासाघीस म्हंजे भांडन नाई, मुनशीभाऊ," त्या मला म्हणत, "दोघायनं मिळून भाव शोधाचा असते." मी कचेरीसमोर अर्ज लिहिणारा. निम्म्या जिल्ह्याची गाऱ्हाणी माझ्या लेखणीतून साहेबांपर्यंत गेली आहेत. शब्दांची पारख मला आहे, म्हणूनच बाईंचे शब्द मी जपून ठेवले.

त्यांची लेक बाजारहत्नूरपलीकडे डोंगरवस्तीवर नांदते. बाळंतपणात अडली तेव्हा तिला खाचखळग्यांतून जीपने मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले. मायलेकरू नशिबाने वाचले. "पण नशीब का दर खेपेले जीपमंदी बसून येते?" बाई विचारीत. पुढे अशा वस्त्यांवरचे रुग्ण हेलिकॉप्टरने नेणाऱ्या सेवेसाठी एका संस्थेने देणग्या गोळा करायचे ठरवले. मावला गावाजवळच्या जुन्या, बुरजासारख्या पाण्याच्या टाकीवरून दोराने उतरायचे आणि उतरणाऱ्याच्या नावाने लोकांनी पैसे द्यायचे, अशी योजना होती. पहिले नाव बाईंनी दिले. त्या घरच्या शिडीवरही चढत नसत, हे मला ठाऊक होते.

"काऊन करून राह्यल्या हे, या वयात?" मी विचारले.

"तरन्या पोराले कोन पैसे देते? म्हातारी लटकली त सारे पाहाले येतात!"

कापसाचे व्यापारी शेठजी हसून म्हणाले होते, "बाईजी, आप उतरोगी तो हम भी कुछ दे देंगे." 'कुछ' या शब्दावर बाईंचा भारी राग. "सेठ, कुछ किलो कपास लेते क्या कभी?" त्यांनी तिथल्या तिथे विचारले, पण शेठजींनी आकडा काही सांगितला नाही.

उतरायच्या दिवशी ध्वनिक्षेपक माझ्या हाती देण्यात आला, आणि ते योग्यच झाले. थोरल्या नातवाची पँट, कमरेला पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण अशा वेषात बाई कठड्यावरून मागे झुकल्या. "मेल्लगा, टीचरम्मा, मेल्लगा!" खालून भाजीवाल्या सावकाश उतरायला सांगत होत्या. बाई निम्म्यावर आल्या आणि थांबल्या. वर दोर सांभाळणारी मुलगी विनवू लागली, तरी त्या हलेनात. मी ध्वनिक्षेपक खाली केला, जो सहसा करत नाही.

तेवढ्यात वरून आवाज आला, "सेठ! कुछ मतलब कितना?"

शेठजी दचकले. "पहले नीचे तो आओ, बाईजी!"

"पहले तुम ऊपर आओ! भाव में!"

मैदान हसून लोटपोट झाले. शेठजींनी आकडा सांगितला. "येवढ्यात त मी बाजेवरून बी नाई उतरत!" बाईंचा हा मजकूर मी ध्वनिक्षेपकावरून जसाच्या तसा जाहीर केला. वांगीवालीने संधी साधली. "खाली या बाई, नाई त उद्यापासून वांगे महाग!"

"कर महाग! तू काय देतं ते सांग आधी!"

तिने दिवसभराचा गल्ला कबूल केला. तिच्यामागे सगळ्या भाजीवाल्या बोलल्या, आणि शेठजींना आकडा दुप्पट करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेव्हा कुठे बाईंचे पाऊल भिंतीवरून खाली सरकले. मागणीसाठी टाकीवर चढून बसलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यांचे अर्जही लिहिले आहेत. उतरता उतरता मागणी मान्य करून घेणारी ही एकच.

बाई जमिनीवर येताच टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पाणी दिले, तेव्हा त्यांनी माझे मनगट घट्ट धरले.

"कोनाले सांगू नोका, मुनशीभाऊ. मंधातच पाय चालेनात माझे. मंग म्हटलं, तोंड त चालते."

मी कोणाला सांगितले नाही. फक्त साहेबांच्या दारात ज्याचे पाय लटपटतात, अशा अर्जदाराला तेवढे शेवटचे वाक्य, बाईंचे नाव न घेता, ऐकवतो. परवा मात्र बाईंनी स्वतःच ते गुपित वांगीवालीपाशी फोडले. ती पोट धरधरून हसली, आणि त्या हसण्यातच बाईंनी मूठभर वांगी पिशवीत जास्तीची टाकून घेतली.