बिनराबाची नाचणी

कृषी महाविद्यालयात पीकशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. राजेंद्र उतेकरांचा सगळा लौकिक एका वाक्यावर उभा होता: राब न भाजताही नाचणी पिकते. पोलादपूरच्या डोंगरात हे म्हणणं म्हणजे चुलीशिवाय भाकरी होते म्हणण्यासारखं. तिथे उन्हाळ्यात झाडांचे टाळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडायचे, शेण-पाचोळ्यासकट रोपांच्या वाफ्यावर पसरायचे आणि पेटवून द्यायचे. हा राब. तण मरतं, रोप तरारतं आणि डोंगर दरसाल थोडा आणखी बोडका होतो. उतेकर तिथल्याच वाडीवर टाळांचे भारे वाहत वाढले होते. पुढे शिकले आणि त्यांनी झाडांची बाजू घेतली.

विद्यापीठाच्या शेतावर त्यांची बिनराबाची रोपं पिवळी, किरटी यायची. वाडीवर, चुलतभाऊ भागोजीच्या शेतात मात्र हिरवीगार. असं का, यावर उतेकरांनी उपपत्ती मांडली: डोंगरमातीतले सूक्ष्मजीव. उपपत्ती देखणी होती. तिच्यावर परिषदांत भाषणं झाली, विद्यार्थी डॉक्टर झाले. वर्गात ते सांगत, "विद्यापीठात आपण पिकाचे लाड करतो. खरं उत्तर शेतकऱ्याच्या शेतावरच मिळतं."

निवृत्ती जवळ आली तेव्हा बिनराबाची नाचणी लावा, ही त्यांची शिफारस विद्यापीठाने मंजूर केली. उतेकर महाडहून पेढे घेऊन वाडीवर गेले. भागोजी ओट्यावर कोयत्याला धार लावत होता.

"दादा, पुढच्या सालापासून अख्खा तालुका राब बंद करणार. तुझ्या शेताच्या जिवावर."

भागोजीचा हात थांबला. "अख्खा तालुका?"

"अख्खा."

"मंग त्या सगल्यांना रोपं कोन देनार?"

उतेकर हसले. भागोजी हसला नाही. आतून त्याची बायको रखमा म्हणाली, "गप बसा ना वो!"

"वहिनी, कसली रोपं?"

"पेढा खावा भावजी."

"दादा, कसली रोपं?"

भागोजीने कोयता बाजूला ठेवला. "आता रे राजा, पयल्या साली तुजी रोपं आली कशी, मांजराच्या मिशांसारखी. तू येनार होतास पावण्यांना घेऊन. भावकीत आपला येक मानूस डाक्टर झाला, त्याची फजिती करायची काय? मंग आमच्या भाजलेल्या वाफ्यातली काडली नि तुज्या वाफ्यात खोवली. येक साल केलं, मंग दुसऱ्या सालाला नाय कसं म्हननार?"

"दरसाल?"

"तुजी जीप यायच्या आदी." उपकार करून तो बोलून दाखवावा लागल्याचा संकोच त्याच्या आवाजात होता.

"वाडीत कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुनाला नाय ते इचार."

"आईला?"

रखमा उंबऱ्यात आली. "म्हातारीनंच तर रोपांचा पयला मुठा उचलला. म्हनली, माजा राजू रडंल."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाहुण्यांना वाफा दाखवताना ती बांधावर पदर तोंडाला लावून उभी असायची. लाजते, असं उतेकर पाहुण्यांना सांगत.

एखाद्या वैऱ्याने हे केलं असतं तर तक्रार तरी करता आली असती. इथे सगळी वाडी त्यांच्यावर माया करत होती आणि त्या मायेने त्यांच्या हयातभरच्या कामातला एक आकडा खरा ठेवला नव्हता. उपपत्तीतले सूक्ष्मजीव पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालत आले होते.

शिफारस महाडच्या शेतकरी मेळाव्यात जाहीर व्हायची होती. ती मानून तालुक्याने राब सोडला असता, तर घरोघरी पिवळी रोपं आली असती, आणि प्रत्येकाच्या घरात काही ती बदलून द्यायला रखमा नव्हती. उतेकर माइकसमोर गेले आणि म्हणाले, शिफारस मागे घेतो, प्रयोगाच्या शेतावर रोपं बदलली जात होती. शेत कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मंचामागच्या फलकावर भागोजीचं नाव फोटोसकट छापलेलं होतं. सत्कार होणार म्हणून भागोजी नवी टोपी घालून पहिल्या रांगेत बसला होता. तो उठून गेला.

"घरातलं माइकवर बोलला," वाडीने निकाल दिला. तिच्या लेखी दगा झाला तो हा. उतेकरांची बाजू कुणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी फसवणाऱ्यांत आईचं नाव घेतल्याशिवाय ती सांगता येण्यासारखी नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांनी आईच्या वाटणीच्या तुकड्यात स्वतः बिनराबाचा वाफा केला. रोपं विद्यापीठात यायची तशीच आली. आषाढात ते तण उपटत बसले असताना रखमा रोपांची पाटी घेऊन बांधावरून निघाली.

"वहिनी!"

ती थांबली नाही. "हाक मारू नका भावजी. आमची सावली पडंल नि तुमचा प्रयोग बिघडंल."

उतेकर पुन्हा वाफ्याकडे वळले. त्या दाटीत नाचणी कुठली आणि गवत कुठलं, हे चष्मा लावूनही नीट कळत नव्हतं.