आत्याबाईंनी मागून घेतलेले उपास

आत्याबाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी ताट. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. पिंपळगाव रेणुकाईला आमच्या घरी कुणी जेवायला बसलं, की त्या दाराशी येऊन विचारायच्या, “भाजी कुठंय? नुसता ठेचा-भाकर खाऊन राह्यली व्हय?” पाहुण्यांचीही या तपासणीतून सुटका नसे.

माझं पहिलं मूल सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी भीतीनं अर्धी झाले. हे तरी टिकावं म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास धरले. आईनं माहेराहून डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला. आता दोन जिवांचं खा, असा तिचा निरोप होता. शेजारच्या काकू उलट सांगत, कमी खा, लेकरू मोठं झालं तर बाळंतपण अडेल.

आत्याबाईंनी डबा फडताळात ठेवला. “रोज एक. लेकराला काय तालमीत घालायचंय का?” आणि काकूंना म्हणाल्या, “अडलं तर जालन्याला दवाखाना हाय. पोटातच सुकलं तर कुठं न्यायचं?” मग माझ्या ताटात रोज भाकरी, वरण, मेथी नाहीतर शेपू आणि वर कपभर दूध. बायकांनी शेवटी जेवायची घरची रीत मोडून त्या मला पुरुषांच्या पंगतीला बसवायच्या. मी लाजेनं मान वर करत नसे. सासरेही करत नसत.

उपासांना मात्र त्यांनी हात लावला नव्हता. त्या स्वतः देवभोळ्या. भोकरदनच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त कमी आहे, उपास बंद करा, असं बजावलं, तरी मी ऐकलं नाही.

सातव्या महिन्यात अंगारकीला आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. रांगेत मला चक्कर आली. आत्याबाईंनी झाडाखाली बसवून पिशवीतली भाकरी काढली. सकाळीच बांधून आणली होती.

“उपास सोडला अन् पुन्हा तसंच झालं तर?” मी रडतच म्हणाले.

त्यांनी भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली. “माझंबी पहिलं असंच गेलं. सासूनं मला बराबर जेवू दिलं न्हाई. देवानं न्हाई नेलं ते.”

मग तांब्यातलं पाणी माझ्या ओंजळीत ओतून त्यांनी आपली ओंजळ खाली धरली. “सोड उदक. तुझे सारे उपास आजपासून माझे. देवाला उपास भेटतील, लेकराला भाकर भेटंल.”

मी पाणी सोडलं आणि तिथंच बसून जेवले.

मुलगी झाली, चांगली ठणठणीत. पुढं मी उपास परत मागितले, तर म्हणाल्या, “आधी तिला पाज. मंग बघू.” मुलगी शाळेत जाऊ लागली तरी त्या तेच म्हणत राहिल्या.

ती दहावीला असताना आत्याबाई गेल्या. त्यानंतर पहिली चतुर्थी आली. सकाळी चुलीपुढं मी कितीतरी वेळ नुसती बसून होते. उपास धरावा असं फार वाटलं. पण ते माझे राहिले नव्हते, आणि परत द्यायला त्या नव्हत्या. दुपारी भाकरी थापली, मेथी केली. जेवताना डोळ्यांतलं पाणी थांबेना. तरी ताटात काही ठेवलं नाही.