साहेबांसाठी जिताडा

सगुणाकाकी आमची शेजारीण. पेणच्या खाडीकडेला आमचं गाव, पुढे मिठागरं आणि मागे भातशेती. मिठागरावर मीठ ओढून ओढून काकीच्या हाताचे तळवे सोलपटले होते, पण नवरा गेल्यावरही तिने कोणापुढे हात पसरला नाही. तिचं अडायचं ते एकाच ठिकाणी, मुलापाशी. काळुरामच्या डोक्यात लहानपणी ताप गेला आणि तेव्हापासून तो अंथरुणालाच खिळला. आता पंचविशी उलटलेला, दाढीमिशा आलेला बाप्या, पण त्याला भरवावं लागे, धुवावं लागे आणि उचलायचं तर दोन माणसं लागत. एकीने डोक्याकडून धरायचं, दुसरीने पाय.

पाय धरायला समोरची बायजाकाकी यायची. स्वतःच्या चुलीवर चहा ठेवायच्या आधी ती इथे हजर असे. सगुणाकाकी मिठागरावर गेली की गावातले म्हातारे दाजी येऊन काळुरामला पेज भरवायचे. आमचं गाव तसं भांडकुदळ. बांधावरच्या ढेकळावरून एकमेकांची डोकी फोडतील. पण काळुरामच्या बाबतीत कोणी उपकार बोलून दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही.

तरी माणसं थकतातच. बायजाकाकीची कंबर गेली होती. दाजींचा हात थरथरायचा, निम्मी पेज काळुरामच्या गळ्यावर सांडायची. आणि सगुणाकाकीला आता स्वतःचाच भरवसा राहिला नव्हता. एकदा उचलताना तो तिच्या हातून निसटला आणि त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. तो रडला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता. आपले डोळे मिटायच्या आत याची कुठेतरी सोय लागली पाहिजे.

पंचाण्णव सालची गोष्ट असेल. मी नागोठण्याला कंपनीत होतो. तिथे कोणीतरी सांगितलं, रोह्याकडे अशा लोकांसाठी सरकारी निवासगृह आहे. सुट्टीच्या दिवशी मी काकीला एसटीने तिथे घेऊन गेलो. तिने इमारतीकडे पाहिलं नाही की खाटांकडे पाहिलं नाही. एक कामवाली बाई एका दांडग्या मुलाचं तोंड पुसत होती, तिच्याकडेच ती बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "वसकली नाय रे त्याच्यावर." तेवढ्यावर तिचं ठरलं.

आम्ही अर्ज केला. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी काळुरामला टेम्पोत गादी घालून अलिबागला नेऊन आणलं. मग वाट बघणं सुरू झालं. पेणच्या कचेरीत काकीने किती खेपा घातल्या त्याला गणती नाही, आणि दर खेपेला उत्तर एकच, चौकशी व्हायची आहे. दोन पावसाळे असेच गेले. शेवटी निरोप आला की साहेब स्वतः घरी येऊन परिस्थिती बघणार.

आणि इथे आमच्या गावाने माती खाल्ली.

सरकारी माणूस दारात येणार म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आल्यासारखं झालं. गावाची अब्रू होती ना. बायजाकाकीने दुखऱ्या कंबरेने सगुणाकाकीचं घर सारवून काढलं. दाजींनी आपली लोखंडी खाट आणून टाकली. एरवी काळुराम जमिनीवर गोधडीत असायचा. त्याची दाढी केली, नवा सदरा चढवला, मानेला पावडर फासली. आणि जेवायला जिताडा. आमच्याकडे हा मासा लग्नाच्या बैठकीला सुद्धा मिळेलच असं नाही, पण साहेबांसाठी कोणीतरी तळ्यातला ठेवणीतला काढला. मी त्या दिवशी पहिल्या शिफ्टला होतो. असतो तर निदान एवढं बोललो असतो की अरे, जावई नाही येत आहे, चौकशी येते आहे.

काकीने मागाहून सांगितलं त्यावरून साहेब भला माणूस निघाला, हीच पंचाईत झाली. त्याने आपुलकीने विचारलं, "आई, तुम्हाला एकटीला झेपतं का हे?"

"नाय झेपत, साहेब," सगुणाकाकी म्हणाली. "एकदा माज्या हातून..."

"गो सगुणे, असं काय बोलतेस?" बायजाकाकीने तिला मध्येच तोडलं. "आमी मेलो काय? साहेब, या पोराला सगळा गाव बघतो. कधी उपाशी नाय ठेवला, कधी घाणीत नाय ठेवला."

दाजींनी मान डोलावली. सगुणाकाकी पुढचं गिळून ताट वाढायला उठली. जिने इतकी वर्षं तिच्या मुलाची घाण काढली, त्या बायजाकाकीला परक्या माणसासमोर खोटं कसं पाडायचं? साहेब कालवण-भात पोटभर जेवले, गावाचं तोंडभरून कौतुक केलं आणि गेले.

पुढे काही कळेना, म्हणून मी काकीबरोबर कचेरीत गेलो. कारकुनाने फाइल काढून सांगितलं, "घरी देखभाल उत्तम आहे, तातडी नाही, असा शेरा आहे. जागा मोजक्या. ज्यांना बघणारं कोणीच नाही, त्यांना आधी."

मी तावातावाने म्हणालो की तो सगळा देखावा होता, खाटसुद्धा उसनी होती.

"म्हणजे तुम्ही साहेबांना फसवलंत?" त्याने विचारलं. मग नव्याने अर्ज करा, असं त्याने शांतपणे सुचवलं.

येताना वाटभर मी तणतणत होतो. आज देवळाच्या कट्ट्यावर एकेकाला सांगतो, तुम्ही काय करून ठेवलंय ते. काकीने माझं मनगट घट्ट धरलं.

"नको रे. कोनाला सांगू नको. त्यांना कळलं तर लाजतील. लाजलेली मानसं परत दारात येत नाय. मग उद्या सकाळी त्याचे पाय कोन धरील?"

मला गावाचा राग आला, त्या भल्या साहेबाचा आला, काकीचासुद्धा आला. तो काढायला जागाच नव्हती.

घरी पोचलो तर बायजाकाकी कंबरेवर हात देऊन ओट्यावर बसलेली.

"काय झालं गो?"

"नंबर लागेल म्हनाले," सगुणाकाकी म्हणाली.

"बघ, मी बोललेली ना? साहेबासमोर आपन नीट दिसलो, त्याचंच हाय ते."

बायजाकाकी खुशीत उठली, पदर खोचला आणि आत जाऊन तिने काळुरामचे पाय धरले. सगुणाकाकीने डोक्याकडून हात घातला.

"हं, उचल," ती म्हणाली.