कोरड्या डोळ्यांचा निरोप

कोरेगावच्या कॉलेजात मी इंग्रजी कविता शिकवते. खरं प्रेम करणारे निरोप घेताना रडत नाहीत, कारण त्यांचा आत्मा एकच असतो, असं वर्गात ठासून सांगते. म्हणून फौजी नवऱ्याची सुट्टी संपली, तेव्हा स्टेशनवर मी हसत हात हलवला.

"भांडलायसा व्हय गं?" घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं. "फौजीला आसं कोरड्या डोळ्यांनी कोन लावून देतं?"

"आई, शरीर दूर गेलं तरी आत्मा इथंच असतो."

"जित्या माणसाचं आसलं बोलतीस?" त्या कडाडल्या. लगेच त्याच्या खुंटीवरच्या शर्टावरून मीठ-मिरच्या उतरवून त्यांनी चुलीत टाकल्या.

मला जोरात ठसका लागला. धूर विरला तरी माझे डोळे वाहायचे थांबेनात.

"आता कसं!" सासूबाई म्हणाल्या. "आता पोचंल त्यो नीट."