मावशींची लाल गाडी

शिवणकाम करणाऱ्या मावशींना दुपारी मशीन बंद केलं, की टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लागायचाच. "आता सगळं इंटरनेटवरूनच चालतं, डिस्कचा पसारा कशाला?" असं सून म्हणाली, म्हणून त्यांनी गेमच्या जुन्या डिस्क भंगारवाल्याला देऊन टाकल्या. वर्षभर गेममधली त्यांची लाल गाडी झकास पळाली. मग एका दुपारी पडद्यावर पाटी झळकली : हा गेम आता उपलब्ध नाही.

मावशींनी कंपनीला फोन लावला. "माझी लाल गाडी कुठे गेली?"

"मॅडम, ती तुमची नव्हतीच. तुम्ही फक्त चालवत होता."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक भंगारवाल्याकडे गेल्या. त्याने त्यांची शर्यतीची डिस्क कबुतरं हाकलायला दोरीला टांगली होती.

"राहू द्या ना मावशी, हिच्यामुळे एकही कबुतर फिरकत नाही," तो गयावया करू लागला.

"मग तिथे तू उभा राहा," म्हणत मावशींनी कात्रीने दोरी कापली.

घरी त्यांनी माळ्यावरचं जुनं गेमचं यंत्र काढलं आणि डिस्क पुसून आत घातली. गाडी सुसाट निघाली अन् डिस्कवरच्या ओरखड्यांमुळे तिसऱ्या वळणावर ठप्प झाली. सून खुदकन हसली.

"अडकू दे," मावशी म्हणाल्या, "आपल्या घरात अडकलीय ना!"