सुभेदारांची सही

गल्लीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणत, फक्त सैन्याच्या दफ्तरात ते अजून हवालदार होते. निवृत्तीच्या वेळी कुणा शहाण्याने नोंदी उतरवताना शेवटच्या दोन बढत्याच गाळल्या होत्या. ती चूक दुरुस्त करा म्हणून सुभेदार सहा वर्षं अर्ज करत होते, सोबत बढतीचे हुकूम जोडून. दर वेळी अर्ज एकाच शेऱ्यासह परत यायचा: 'या नावाचे सुभेदार आमच्या नोंदीत नाहीत.'

शेवटी ते स्वतःच कचेरीत जाऊन बसले. कारकुनाने अर्ज वरवर चाळला.

"काका, तुम्ही सहीखाली सुभेदार लिहिता, तिथेच घोडं अडतं. नोंदीत जो हुद्दा आहे तोच लिहायचा असतो."

"म्हणजे मी हवालदार नाही हे सांगायला हवालदार म्हणून सही करू?"

"पद्धत आहे, काका."

सुभेदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हेलपाटे घालून चपला झिजल्या होत्या. दातओठ खात त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, हवालदार.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बायकोने चष्मा लावून वाचलं: 'अर्जदाराने स्वतःच्या सहीने आपण हवालदार असल्याचे मान्य केले आहे. सबब दुरुस्तीचे कारण उरत नाही.'

सुभेदारांनी तिच्या हातून पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "कोरा कागद आण."

"अहो, आता पुन्हा कसला अर्ज?"

"अर्ज नाही, तक्रार. त्या हवालदाराची. सुभेदाराला न विचारता सही ठोकून आलाय."